नवखा पायलट, मुरलेला शत्रू : पहिला ‘गंडम’ पाहणाऱ्यांसाठी वाटाड्या

महाकाय रोबोंचे अ‍ॅनिमे पाहायला घेणाऱ्या बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. कालपर्यंत खोलीत बसून सर्किटं जोडणारा पोरगा आज अठरा मीटर उंचीच्या यंत्रात चढतो आणि लढाया मारून आलेल्या सैनिकाला लोळवतो. पाहणारा म्हणतो, “हे काही पटत नाही बुवा,” आणि लॅपटॉप मिटतो.

शंका रास्त आहे. गंमत म्हणजे ‘मोबाइल सूट गंडम’ ही १९७९ ची मालिका स्वतःच ही शंका घेते आणि तिचा छडा लावायला निम्मी मालिका खर्ची घालते. तो छडा नीट पाहता यावा म्हणून हा लेख. कोण हरतं, कोण मरतं हे पुढे सांगितलेलं आहे. मालिका पंचेचाळीस वर्षांहून जुनी आहे, तरी ज्यांना कोरं पाहायचं असेल त्यांनी पहिल्या दोन पायऱ्या वाचून थांबावं आणि एकविसावा भाग संपला की परत यावं.

पायरी पहिली : कुठली आवृत्ती पाहायची ते ठरवा

मूळ मालिका ४३ भागांची. दिग्दर्शन योशियुकी तोमिनोंचं, पात्रांची रेखाटनं योशिकाझू यासुहिकोंची, यंत्रांची कुनिओ ओकावारांची. ७ एप्रिल १९७९ ला नागोयाच्या वाहिनीवरून ती सुरू झाली आणि २६ जानेवारी १९८० ला आटोपती घ्यावी लागली. खरं तर ५२ भाग ठरले होते, पण प्रेक्षकच मिळेनात. नाव झालं ते मागाहून, पुनःप्रक्षेपणांमुळे आणि खेळणी बनवणाऱ्या बंदाई कंपनीने १९८० च्या जुलैत जोडायची प्लास्टिक मॉडेलं बाजारात आणल्यावर. मग १९८१ आणि १९८२ मध्ये त्याच मालिकेची काटछाट करून, थोडं नवं चित्रण घालून तीन चित्रपट काढले गेले.

वेळ कमी असेल तर तीन चित्रपट, साधारण सात तास. पण नवख्या पायलटची गोष्ट पाहायची असेल तर मालिकाच पाहा, असं माझं ठाम मत आहे. चित्रपटांत मोठ्या लढाया राहिल्या आहेत, मधला कंटाळा, चिडचिड, जेवणावरून होणारी कुरबुर गेली आहे, आणि पोरगा घडतो तो त्या मधल्या भागांतच. चित्र जुनं आहे, हे आधीच सांगतो. काही भागांत यंत्रांचे हातपाय भलतीकडे वाकतात, आणि शेवटच्या टप्प्यात यासुहिको आजारी पडल्याचा परिणामही दिसतो. दोन-तीन भागांनंतर डोळे सरावतात.

जपानी आवाज आणि सबटायटल घ्या. नायक आमुरोला तोरू फुरुयांचा आवाज आहे, त्याचा शत्रू शारला शुइची इकेदांचा. लढाईत पोराचा आवाज कसा चिरकतो आणि समोरच्याचा कसा एका पट्टीत राहतो, हे ऐकणं हाच अर्धा धडा आहे.

आणि पंधरावा भाग गायब दिसला तर गडबडू नका. तोमिनोंच्याच इच्छेवरून तो इंग्रजी आवृत्तीतून वगळलेला आहे. त्याच कथेवर २०२२ मध्ये यासुहिकोंनी अख्खा चित्रपट केला.

पायरी दुसरी : पहिली लढाई पाहण्याआधी हे ठाऊक असू द्या

काळ ‘युनिव्हर्सल सेंच्युरी ००७९’. पृथ्वीपासून सर्वांत दूर असलेल्या अंतराळ वसाहतींनी स्वतःला ‘झिऑन’ म्हणवून पृथ्वीच्या फेडरेशनविरुद्ध युद्ध पुकारलं आहे, आणि निम्मी मानवजात मेलेली आहे. हे सगळं निवेदक सुरुवातीलाच भराभर सांगून टाकतो.

आपल्या कामाच्या गोष्टी दोन. एक, मिनोव्स्की कण. हे काल्पनिक कण पसरवले की रडार आंधळं होतं, दुरून सोडलेली क्षेपणास्त्रं वाट चुकतात. त्यामुळे लढाई पुन्हा डोळ्यांनी दिसेल इतक्या अंतरावर येते आणि माणसाची नजर, अंदाज, धीर यांना भाव येतो. मुरलेला पायलट भारी का ठरतो, त्याचं कारण इथे आहे.

दुसरी, झिऑनने मोबाइल सूट म्हणजे चालवायचे रोबो आधी बनवले. त्यांचे पायलट युद्धाच्या पहिल्या दिवसापासून झाकू नावाचा सूट चालवताहेत. फेडरेशनकडे गंडम हे यंत्र आत्ता कुठे तयार झालंय, तेही चाचणीपुरतं, आणि ते चालवायला नेमलेली माणसं पहिल्याच हल्ल्यात मारली जातात. उरतात ते निर्वासित, प्रशिक्षणार्थी आणि पंधरा वर्षांचा आमुरो रे. व्हाइट बेस या जहाजाची सूत्रं ज्याच्या गळ्यात पडतात तो ब्राइट नोआ एकोणीसचा. नवा गडी नवं राज्य म्हणतात, पण इथे राज्य नाहीच, नुसते नवे गडी.

पायरी तिसरी : पहिला भाग दोनदा पाहा

एकदा गोष्टीसाठी आणि एकदा फक्त शेवटच्या काही मिनिटांसाठी.

तीन झाकू साइड-७ वसाहतीची टेहळणी करायला आलेले आहेत. फक्त टेहळणी, असा हुकूम आहे. जीन नावाच्या सैनिकाला राहवत नाही, पराक्रम दाखवून बढती मिळवायची असते, तो गोळीबार सुरू करतो. म्हणजे पहिली चूक आमुरोची नाही, शत्रूच्या बाजूच्या उतावळ्याची. मालिकेतल्या पुष्कळ लढायांचं तोंड असंच फुटतं, लक्षात ठेवा.

आमुरो हातात माहितीपुस्तिका धरून गंडम सुरू करतो. डोक्यातल्या तोफा झाडत सुटतो आणि गोळ्या संपवून बसतो. जीनच्या झाकूच्या तोंडाशी असलेली नळी नुसत्या हाताने उपटतो, यात कौशल्य शून्य, यंत्राची रग सगळी. जीन पळू लागतो तेव्हा त्याला बीम सेबर या ऊर्जेच्या तलवारीने मधोमध कापतो. झाकूची अणुभट्टी फुटते, वसाहतीच्या भिंतीला भगदाड पडतं आणि त्यातून आमुरोचा स्वतःचा बाप बाहेर पोकळीत खेचला जातो.

आता पुढचं बघा. दुसरा झाकू, डेनिमचा, चालून येतो. आमुरोच्या ध्यानात येतं की हाही फुटला तर वसाहतीचं खरं नाही. तो कापत नाही. सेबर सरळ पायलटच्या कोठडीत खुपसतो. झाकू फुटत नाही, मरतो फक्त माणूस.

पोराला उपजत देणगी आहे असं कुणी म्हणत नाही. एक चूक झाली, पुढच्या मिनिटाला सुधारली, एवढंच दाखवलं आहे, आणि सुधारणेचा अर्थ काय तर माणूस अधिक नेमका मारता येणं. हे पाहून अंगावर काटा आला नसेल तर पुन्हा पाहा.

इथून पुढे प्रत्येक लढाईनंतर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : हे जिंकलं कोणी, यंत्राने की माणसाने? वहीत लिहून ठेवलंत तर उत्तम. पहिल्या भागाचं उत्तर : जीनला यंत्राने मारलं, डेनिमला माणसाने.

पायरी चौथी : शार अझनाबलकडे पाहायची पद्धत

लाल झाकूतला शार दुसऱ्या भागात मैदानात येतो. लौकिक मोठा, लूमच्या लढाईत पाच युद्धनौका बुडवलेला ‘लाल धूमकेतू’. वय वीस. शत्रूकडचा अनुभवी वीर म्हणजे कॉलेजात असायच्या वयाचा मुलगा, यावर मालिका काही बोलत नाही, पण आपण मनात धरून असावं.

शारच्या गोळ्या नेमक्या लागतात आणि गंडमच्या चिलखतावरून उडून जातात. यंत्र चांगलं असलं म्हणून लढाई जिंकता येत नाही हे तुला दाखवतो, अशा अर्थाचं तो म्हणतो खरा, पण तेवढ्यात आमुरोच्या बीम रायफलच्या एका फटक्यात त्याचा साथीदार स्लेंडर वाफ होऊन जातो. त्या एका बंदुकीत युद्धनौकेच्या तोफेची ताकद आहे, हे कळताच शार माघार घेतो. पराभवाची लाज नाही, त्वेष नाही. माहिती मिळाली, निघा. ही मुरलेल्या माणसाची पहिली खूण.

दुसरी खूण पाचव्या भागात. व्हाइट बेस वातावरणात शिरत असताना, म्हणजे कोणी हलूही शकत नाही अशा क्षणी, शार हल्ला चढवतो. हल्ला फसतो, त्याचा क्राउन नावाचा पायलट झाकूसकट जळून जातो. पण त्या धामधुमीत जहाजाचा मार्ग ढळतो आणि ते उतरतं ते झिऑनच्या ताब्यातल्या उत्तर अमेरिकेत, नेमकं गार्मा झाबी या झिऑनच्या सत्ताधारी घराण्यातल्या सेनापतीच्या हद्दीत. शारच्या हिशेबात हेही धरलेलं होतं. लढाई आमुरोने जिंकली, डाव शारने. वहीत दोन रकाने लागतील ते यामुळे.

सहा ते अकरा हे भाग सलग पाहून टाका, त्यात गार्माचं प्रकरण आहे आणि ते रंगतदारही आहे. आपल्या दृष्टीने त्यातला नववा भाग मोलाचा. आमुरो पांघरुणात तोंड खुपसून बसलाय, लढणार नाही म्हणतोय, आणि ब्राइट त्याच्या थोबाडीत मारतो. त्यावर आमुरो जे म्हणतो, माझ्या बापानेही मला कधी मारलं नाही, ते जपानमध्ये आजही लोक थट्टेने म्हणतात. मला तो प्रसंग विनोदी वाटत नाही. मारणारा एकोणीसचा आहे, मार खाणारा पंधराचा, आणि जहाजावर समजावून सांगायला एकही मोठा माणूस नाही.

पायरी पाचवी : रांबा राल. इथे घाई करू नका

बारा, आणि मग सोळा ते एकवीस. शक्यतो दोन-तीन बैठकांत पाहा, मध्ये आठवडा जाऊ देऊ नका.

रांबा राल पस्तिशीतला, पोट थोडं सुटलेला, मिशीवाला. गार्माच्या मृत्यूचा सूड घ्यायला झिऑनने त्याला पाठवलंय, पण त्याला स्वतःला सूडाचं काही पडलेलं नाही. काम आहे, काम केलं तर हाताखालच्या माणसांचं भलं होईल, एवढाच विचार. सोबत हामोन, त्याची जोडीदारीण. बाराव्या भागात तो गूफ हे नवं निळं यंत्र घेऊन येतो आणि आमुरोला जाणवतं की झाकूवर चालतं ते यावर चालत नाही. गूफची विजेची चाबूकवजा दोरी गंडमला विळखा घालते, पण खरा फरक दोरीचा नाही. हा माणूस वाट पाहतो. आमुरो अधीर होऊन काय करील ते आधी ओळखून तिथे उभा असतो.

मधल्या भागांत आमुरोचं डोकं फिरलेलं आहे. आपल्याला गंडमवरून उतरवायची बोलणी चालू आहेत हे कानावर पडताच तो गंडम घेऊन जहाज सोडून जातो. आणि मग येतो एकोणिसावा भाग.

वाळवंटातल्या एका खानावळीत आमुरो एकटा जेवत बसलाय. राल, हामोन आणि त्यांची माणसं आत येतात. कोण शत्रू आहे हे त्याला माहीत नाही, त्यांनाही नाही. हामोनला पोरगा आवडतो, त्याच्या जेवणाचे पैसे ती द्यायला निघते. भिकाऱ्यासारखं फुकट घेणार नाही, अशा आवेशात आमुरो नाही म्हणतो. राल खुश होतो. इतक्यात आमुरोला शोधत आलेल्या फ्राउ बो या त्याच्या मैत्रिणीला झिऑनचा एक सैनिक पकडून आणतो. तिच्या अंगावरचा गणवेश पाहून सगळे सावध होतात. आमुरो मध्ये पडतो. राल त्याच्याजवळ जातो, आमुरोच्या अंगावरची शाल सावकाश बाजूला सारतो. आत रोखलेलं पिस्तूल.

राल हसतो. नजर चांगली आहे, धाडस आवडलं, पण रणांगणावर असं चालणार नाही, असं म्हणून दोघांना सोडून देतो.

बहुतेक जण इथे रालच्या दिलदारपणावर भाळतात. भाळा, पण पुढचं चुकवू नका : फ्राउ बो निघते तेव्हा राल आपला माणूस तिच्या मागावर सोडतो आणि व्हाइट बेसचा ठावठिकाणा काढतो. पोरांना सोडणं खरं होतं आणि माग काढणंही खरं होतं. दोन्ही एकाच माणसाचं, एकाच मिनिटातलं. मुरलेला शत्रू कसा लिहावा याचा इतका चांगला नमुना मी या प्रकारात दुसरा पाहिलेला नाही.

मग हल्ला. आमुरो गंडम घेऊन धावत येतो. दोन यंत्रं इतकी जवळ भिडतात की सेबरच्या घावांनी दोन्ही कोठड्या फाटतात आणि आतली माणसं एकमेकांना दिसतात. मगाशी जेवणाचे पैसे देऊ करणाऱ्या मंडळीतला तो. मगाशी पिस्तूल रोखलेलं पोर ते. गूफ निकामी होतो आणि राल उडी मारता मारता ओरडून सांगतो की पोरा, लढलास छान, पण हे तुझ्या जोरावर जिंकलेलं नाहीस, त्या यंत्राच्या जोरावर जिंकलास, विसरू नको.

आपल्या वहीतला प्रश्न शत्रूनेच विचारला. त्याचं बोलणं म्हणजे हरलेल्याची मखलाशी, असं आमुरो तोंडाने म्हणतो. जहाजावर परतल्यावर पाठ थोपटली जाईल अशी त्याची अपेक्षा असते, मिळते ती कोठडी, कारण पळून गेला होता. तिथे रडत तो म्हणतो की मला त्या माणसाला हरवायचंय. ब्राइटला नाही, शारला नाही. तालमीतल्या पोराला वस्ताद भेटावा तसा आमुरोला राल भेटला, फक्त समोरच्या बाजूला.

ही इच्छा कधी पुरी होत नाही, आणि यातच लेखकांची हुशारी आहे. रालला डोम हे नवे मोबाइल सूट मिळायचे होते. त्याच्याच बाजूचा मा कुबे ते दाबून ठेवतो आणि वाटेत नष्ट झाल्याचा निरोप देतो. म्हणून विसाव्या भागात राल उरलेली माणसं घेऊन, हातात बंदुका घेऊन, व्हाइट बेसमध्येच घुसतो. हातघाईत त्याची गाठ पडते जहाजावरच्या सायलाशी, जी त्याच्या जुन्या मालकाची मुलगी आर्टेशिया आहे. तो एक क्षण थबकतो. तो क्षण महाग पडतो. शेवटी हरलेल्या सैनिकाचं काय होतं ते बघून ठेव, असं आमुरोला ऐकवून तो हातबाँबसकट खाली उडी टाकतो.

गूफ विरुद्ध गंडम असा शेवटचा सामना होतच नाही. एकविसाव्या भागात हामोन सूड घ्यायला येते, तिचा वार आमुरोवर पडणार तोच आधीच जखमी असलेला र्‍यू होसे आपलं विमान तिच्यावर आदळवतो. जहाजावर आमुरोला जरा समजून घेणारा तो एक होता. एकविसावा संपल्यावर लगेच बाविसावा लावू नका, एवढी माझी विनंती.

पायरी सहावी : तोच प्रश्न पुढच्या लढायांना विचारा

चोविसाव्या भागात झिऑनचं काळे त्रिकूट येतं : गाया, ऑर्टेगा, माश. तिघांचे डोम एकामागे एक एका रेषेत धावतात, पुढच्याआड मागचे दिसत नाहीत. वर्षानुवर्षं घोटलेला डाव. आमुरो पहिल्या डोमच्या डोक्यावर पाय देऊन उडतो आणि रांग मोडतो. मला पायरी बनवलं, म्हणून गाया चक्रावतो. हे यंत्राने केलं की माणसाने? मी माणसाच्या रकान्यात टाकतो, पण यावर वाद घालायला जागा आहे.

तेहतिसाव्यात सवालच उरत नाही. झिऑनच्या कॉन्स्कॉन या सेनापतीचे बारा रिक डोम (अंतराळातले डोम) तीन मिनिटांच्या आत संपतात, त्यातले बहुतेक आमुरोच्या हातून. सेनापतीला आकडा खरा वाटत नाही. आता मुरलेला शत्रू म्हणजे आमुरो, आणि समोरच्यांची अवस्था पहिल्या भागातल्या जीन-डेनिमसारखी. शेवटी शेवटी तर आमुरोच्या हाताच्या वेगाला गंडम पुरेनासा होतो, सांध्यांवर चुंबकीय लेप चढवून त्याची चपळाई वाढवावी लागते. रालचं म्हणणं उलटं झालं.

बेचाळिसाव्या भागातलं एक साधं वाक्य बहुतेकांच्या कानावरून जातं. झिऑनकडे तोवर गेल्गूग हे गंडमच्या तोडीचं यंत्र आलेलं असतं, तरी आ बाओआ कू या झिऑनच्या अंतराळ किल्ल्याच्या लढाईत त्याचा प्रभाव पडत नाही. झिऑनची सेनानी किसिलिया विचारते, का? उत्तर मिळतं : पायलटांत भरती केलेले विद्यार्थी जास्त आहेत. मुरलेले सगळे मरून गेले, यंत्रं उरली, आत पोरं बसवली. आमुरो निभावला, ती निभावली नाहीत. मालिका त्यांना नावंसुद्धा देत नाही.

पायरी सातवी : गोडी लागली तर पुढे काय

‘००८३ : स्टारडस्ट मेमरी’, १३ भाग. ऑस्ट्रेलियातल्या टॉरिंग्टन तळावरून झिऑनचा मुरलेला पायलट आनाव्हेल गातो अण्वस्त्रवाला गंडम पळवतो आणि नवशिका कोऊ उराकी मागे लागतो. कोऊ जमिनीसाठी जुळवलेलं यंत्र घाईने अंतराळात नेतो आणि शत्रूकडच्या सिमा गाराहाऊकडून त्याचा चक्काचूर करून घेतो, तो प्रसंग बघाच. बाकी मालिका दिसायला देखणी, पण गातोच्या भाषणांवर जरा जास्तच प्रेम करते.

‘०८ वी एमएस टीम’ अधिक सकस. दिग्दर्शक ताकेयुकी कांदा १९९६ मध्ये, काम चालू असतानाच वारले, पुढची धुरा उमानोसुके इइदांनी घेतली. दहाव्या भागातला झिऑनचा नॉरिस पॅकार्ड पाहा. एकटा गूफ, समोर अख्खी तुकडी. लोक विचारतात की नॉरिस हरला की जिंकला. त्याचं लक्ष्य बघा : डोंगरातल्या तळावर मारा करणारे तीन गनटँक, म्हणजे रणगाड्यासारखी यंत्रं. मालिकेचा नायक शिरो अमादाशी झुंज तो घेतो ती वाटेत आला म्हणून. शेवटच्या गनटँकवर गोळ्या झाडताना स्वतः कापला जातो, आणि जिंकलो म्हणत जातो.

आणि ‘००८० : वॉर इन द पॉकेट’, १९८९, अवघे सहा भाग. इथे पाटी पालटलेली आहे : नवशिका बर्नी झिऑनचा, त्याच्या हाती दुरुस्त करून उभा केलेला झाकू, आणि समोर नवाकोरा गंडम. यंत्राच्या जोरावर जिंकणं त्याला शक्यच नाही, म्हणून तो धूर, दोऱ्या आणि फुग्यांची हूल वापरतो. शेवट सांगत नाही. सहाही भाग एका सुट्टीत उरकतात, पण रविवारी रात्री लावू नका. शनिवारी लावा.